तिसरे सात

मुलीचं नाव मी स्रग्धरा ठेवलं,
एकवीस अक्षरांच्या वृत्तावरून.
बायको म्हणाली होती, लोकांच्या जिभेला गाठ बसेल.
बसली.

बोरीला, पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला
आमची शाळा भरते: एक टेबल, एक खिडकी,
फणसाची सावली सरकते तशी तासिका बदलते.
पट एकाचा.
पहिली तीच येते, शेवटचीही तीच,
आणि रांगेचा धडा घ्यावा
तर पुढे-मागे उभं राहायला कुणी नाही.

मी मुद्रितं तपासतो. चूक दिसली की लाल पेन.
तिच्या वहीत शिसपेन्सिल, तेवढाच मऊपणा.
आमच्या घरात सगळं खोडरबरानं पुसता येतं,
भागाकार, रुसवा, कालचं भांडण.
दहा वर्षांत ती एकदाही हरली नव्हती.
बुद्धिबळात वजीर मी मुद्दाम देत आलो.

भात कापून झालं. खाजनातलं पाणी मानशीतून उतरलं
आणि खुंटांच्या शेतात पोरांनी बांबू रोवले.
कायतान, जो दिवसभर विजेच्या खांबांवर चढतो,
संध्याकाळी गळ्यात शिटी घालून शेतात उतरतो.
त्यानं नाव विचारलं.
तिनं सांगितलं, जोडाक्षरासकट.
"सगू," तो म्हणाला, "थंय बस."

पहिले आठ दिवस बसूनच गेले.
सात इकडे, सात तिकडे,
उरलेली पोरं बांधावर, गुडघे पोटाशी धरून.
माझा तिळपापड. तिसऱ्याच दिवशी मी कायतानकडे निघालो
तर ती वाटेत आडवी.
"बाबा, तुम्ही घरी जा."
इतकं शुद्ध, इतकं पूर्ण वाक्य
कैक महिन्यांत माझ्या हाताखालून गेलं नव्हतं.

नवव्या दिवशी रोमाल्डचा पाय मुरगळला
आणि तिला गोलात उभं केलं.
रायची पोरं पुलावरून सायकली हाणत आली होती.
त्यांनी पाच घातले.
पाचवा तर तिच्या दोन पायांमधून,
सावकाश, जवळजवळ विचारून.
मी खिशात पेन चाचपलं.
शेतात पुसण्यासारखं काही नव्हतं.
पाच म्हणजे पाच,
ते मावळत्या उन्हात तसेच उभे राहिले.

रोमाल्ड लंगडत आला, तिच्यावर ओरडला,
आणि त्याच दमात आपली पाण्याची बाटली पुढे केली.
ती प्यायली. तोंड पुसलं. परत उभी राहिली.
हा पाठ कुठल्या इयत्तेत येतो,
मला माहीत नाही. माझ्याकडे त्याचं पुस्तक नाही.

रात्री वृत्त घेतलं. म र भ न, मग तीन य.
"सातावर थांबायचं, पुन्हा सातावर," मी म्हणालो,
"ह्या थांबण्याला यती म्हणतात."
ती गुडघ्याच्या खरचटीवर हळद दाबत होती.
"माहीत आहे. सात आमचे, सात त्यांचे,
आणि तिसरे सात बांधावर बसतात.
ते नसले तर दमलेल्यानं हात कुणाकडे करायचा?"

वीस वर्षं मी अक्षरं मोजतो आहे.

आज फाटकाबाहेरून हाक आली, "सगूऽऽ!"
आणि वाक्य अर्धं टाकून ती पळाली,
एका पायात बूट, दुसरा हातात.
वहीत क्रियापद नाही, पूर्णविराम नाही.
मी पेन्सिल उचलली. ठेवली.

मग लांबच्या वाटेनं शेताकडे गेलो.
बांधावर सात जण होते.
मी आठवा, टोकाला,
गुडघे पोटाशी धरून.
कायताननं एकदा माझ्याकडे पाहिलं.
काही बोलला नाही.