सात खाचा

यादीत तीन बंधारे होते.
खाडीचं पाणी जिथे गोडं होतं, तिथून
आम्ही व्हाळाच्या पोटातून वर निघालो,
चपला हातात. पुढे लवू घाडी,
कमरेच्या आकडीत कोयता.

पहिला सिमेंटचा. खांब शाबूत, फळ्या गेलेल्या.
एक रेशन दुकानासमोर बाकडं झाली आहे,
एक कुणाच्या गोठ्यात गव्हाण.
बाकीच्यांचं लवू सांगत नाही.
खांबांमधून पाणी जातं
शेजारच्या मांजरासारखं,
न विचारता, घाई न करता.

दुसरा चिऱ्याचा, चुन्यात बांधलेला.
त्याला काहीच झालेलं नाही. व्हाळच सरकला,
एका पुरात, लवूच्या बारशाच्या आसपास,
सात-आठ हात उत्तरेला.
बांध कोरडा उभा आहे,
एस.टी.ने रस्ता बदलला
हे न कळलेल्या उतारूसारखा.
करंजाच्या मुळाशी एक कुर्ली
डोळे बाहेर काढून आम्हाला मोजून गेली.

तिसरा मला दिसलाच नाही.
मी त्याच्यावरच उभी होते.
लवूने पायाने पाला सारला:
एक लांब काळा दगड, माथ्यावर सात खाचा.
सात बागा, सात पाट,
ज्याचं त्याचं पाणी.
"आडवूक नाय ओ बांधलेलो," तो म्हणाला,
"वायच बसवूक."

मी बोट घालून खोली बघत गेले.
नखभर. नखभर. नखभर. नखभर.
पाचवीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.
वर बघितलं तर लवू विडी शोधत होता,
जी त्याच्या कानावरच होती.
"आजो," म्हणाला. "रातचो येय. खिळो घेवन.
वर्साक एक तांदूळभर."
मग हसला. हसून झाल्यावरही
अंगठा खाचेत तसाच राहिला.

सातही बागांत आता रान.
पाणी दगडाच्या खालून जातं,
कोणाच्याच पाळीचं नसलेलं.

फॉर्मवर 'सद्यःस्थिती' असा रकाना होता.
पेन उघडलं, मिटलं.
वर अजून एक आहे म्हणे, चौथा,
लवूला बापाने सांगितलेला,
बापानेही न बघितलेला.

करवंदीची जाळी आडवी आली.
लवूने आकडीतला कोयता काढला.
जाळीपलीकडे
पाणी कशावरून तरी पडत होतं.