पिसं लावल्यावर

विट्याच्या नगरपालिकेनं बागेसाठी डायनासोर सांगितला,
बारा फूट, हिरवा, तोंड उघडं.
मी तोवर गणपती केले होते, बैल केले होते,
एका रसवंतीपुढं ऊस खाणारा हत्ती.
भ्यावं असं काही केलं नव्हतं.

फायबर वाळत होतं, दात बसवायचे राहिले होते,
तेव्हा मुलाण्यांची शिफा आली, सातवीतली,
दप्तर पोटावर. म्हणाली,
"काका, ह्याला पिसं पायजेत."

पिसं लावली तर कोंबडं होईल की गं.
"व्हय. तसंच हाय ते."

दुसऱ्या दिवशी बापाच्या दुकानातून
कागदात गुंडाळून कोंबडीचा एक पाय आणला.
नडगीवरचे खवले दाखवले एकेक,
सोनारानं पाटल्या दाखवाव्यात तसे.
मग वरून लोंबणारी शीर ओढली
आणि मेलेल्या पायानं मूठ आवळली.
माझं बोट तिच्यात होतं.

साहेब म्हणाले, ठरावात "भीतीदायक" असा शब्द आहे.
पिसांना कोण भितंय, धोंडीबा?
लग्नातला फेटा वाटेल.

तरी मी गेलो. माहुलीच्या रस्त्याला शेड आहेत, ओळीनं,
रात्री आठला, रिकामी पोती घेऊन.
बटण दाबलं
आणि दहा हजार माना एकदम वळल्या,
प्रत्येकीचा एकच डोळा माझ्यावर.
गोल, कोरडा, पापणी खालून वर मिटणारा.
त्यात राग नव्हता. ओळखही नव्हती.
माझ्या कानाच्या पाळीकडं
दाणा आहे का नाही असं बघत होत्या.

"लाइट एकदम लावू नका हो,"
शेडवाला सुबराव ओरडत आला,
"भ्याल्या की कोपऱ्यात एकीवर एक चढत्यात,
सकाळी खालच्या शंभर मेलेल्या."
पोती भरताना माझे हात कापत होते
आणि त्यांच्या माना.
कोण कुणाला भ्यालं, ते सुबरावला विचारायचं राहिलं.

पांढरी पिसं. हळदीच्या पाण्यात बुडवली, काही कावेत,
पत्र्यावर वाळत घातली, निम्मी वाऱ्यानं नेली.
शिफानं मानेपासून ओळी लावल्या, खालून वर,
"कौलं बसवत्यात तसं, काका, पाणी वघळलं पायजे."
हळद लागलेल्या नवरदेवासारखा उभा राहिला तो
काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर.
ती म्हणते, हा दगड त्यांच्याच शेवटच्या काळातला,
तेव्हा तापून, वितळून, वाहत होता.
पाथरवटानं घाव घालताना मला उगाच
अजून कढत असेल असं वाटलं.

उद्‌घाटनाला पोरं हसली.
एकानं शेपटीचं पीस उपटून कानात घातलं.
साहेबांनी माझ्याकडं बघितलं, बिलाकडं बघितलं,
दोन हजार कापले.

संध्याकाळी माणसं पांगली.
कुणाची तरी गावरान कोंबडी कुंपणाखालून आली, मागं सात पिलं.
थांबली. मान तिरकी करून एका डोळ्यानं पाहिलं,
मग दुसऱ्या. मग त्याच्या नखाजवळचा मुंगळा टिपला
आणि चुलत्याच्या दारावरून जावं तशी
काही न बोलता पुढं गेली.

दात मी बसवलेच नाहीत. डब्यात आहेत, बावन्न.

आता माघ लागलाय. रात्रपाळीचा वॉचमन
बाकडं बदलून पार गेटाजवळ झोपतो.
विचारलं तर आधी बोलेना,
मग बिडी विझवत म्हणाला,
हिरवा असता तर पुतळा म्हणून सोडून दिला असता.
पण ह्ये पहाटे, गार वारं सुटलं की,
अंग फुगवून घेतंय.