तांडेलकाकूंची अट

पंखांचं काही नाही.
पाच फुटांचे असले तरी रबरबँडांनी बांधलेले,
सोडले की फळीसारखे काखोटीला मारता येतात.
घोळ घालतात ते पाय.

तीन मिलिमीटरची पोलादी तार, फाकलेल्या दोन तंगड्या,
टोकाला स्पंजाची चाकं.
परतताना लिफ्टमध्ये एकदा उजवा पाय
सबनीसबाईंच्या भाजीच्या पिशवीत शिरला
आणि चौथ्या मजल्यापर्यंत आम्ही दोघंही
कोथिंबिरीकडे बघत राहिलो.

रिक्षात तर विमान मांडीवर उताणं,
पाय वर, मेलेल्या टोळासारखे.
भांडुपपासून मिठागराच्या कडेपर्यंत
दर खड्ड्याला चाकं टपावर आपटायची
आणि मुळाशी बाल्सा कुरकुरायचा.
रिक्षावाला आरशात बघून म्हणाला,
"साहेब, उभं राहायला शिकवलंत याला,
आता बसायला पण शिकवा."

मी कवळ्या करतो.
डॉक्टर माप पाठवतात, नाव नाही;
एक नंबर, आणि गुलाबी मेणात
कुणाचं तरी मिटलेलं तोंड.
पण कांजूरच्या तांडेलकाकू थेट माझ्या टेबलापाशी आल्या,
कवळी रुमालाच्या गाठीत,
हिरडीवर लाल वळ.
म्हणाल्या, "बाबा, माजी अट एकच.
रातच्याला एका बोटान निघाली पायजे,
नि बांगडा खाताना हलाला नको."

मी हातातली कानस खाली ठेवली.

सागाचा ठोकळा, त्यात करवतीनं पाडलेली खाच,
खाचेच्या टोकाला खोल भोक.
तार काटकोनात वाकवून टोक भोकात घालायचं,
उरलेली खाचेत आडवी निजवायची.
उतरतानाचा धक्का लाकूड खातं.
वरच्या पट्ट्या नुसत्या
पाय हवेत गळून पडू नयेत एवढ्यापुरत्या.

पट्ट्यांना आधी स्क्रू लावले.
ते पहिल्याच रविवारी गवतात गेले.
बर्नार्ड डिमेलो, त्याचा भाचा, मी
आणि म्हशी घेऊन चाललेला एक अनोळखी माणूस,
चौघं गुडघ्यांवर,
कुणाची कुडी हरवल्यासारखे.

मग कवळीच्या आकड्याची तार घेतली,
उरल्यासुरल्या दाताला जी मिठी मारून बसते ती,
आणि तिचा चाप वळवला.
सहावा चाप जमला.
नखानं दाबला की सुटतो,
पाय परत बसवला की
टक्.
वीस वर्षं हा आवाज मी
दुसऱ्यांच्या तोंडांसाठी करत होतो.

पुढच्या रविवारी विमान रिक्षाच्या सीटवर
पोटावर निजून गेलं, गुणी पोरासारखं.
खड्डे आले, गेले.
पाय एका जुन्या मोज्यात घातले होते.
मोजा घरी टेबलावर.

हे कळलं तेव्हा पंख बांधून झाले होते,
बॅटरी जोडून झाली होती.
बर्नार्ड म्हणाला, "फेक."
मी चार पावलं धावलो आणि फेकलं.

खाडीकडून वारा येत होता, खारट, सरळ.
विमान वर गेलं, वळलं,
आणि खाली काहीही लोंबत नव्हतं.
तीन वर्षांत इतकं सुबक
मी त्याला पाहिलं नव्हतं.
बर्नार्डही काही बोलला नाही,
एरवी तो वाऱ्याशीसुद्धा वाद घालतो.
उतरलं ते वाळल्या गवतात, पोटावर, सर्रकन;
पंख्याचं एक पातं गेलं,
आणि पोटाला मिठाची पांढरी रेघ.
ती मी अजून पुसलेली नाही.

बुधवारी तांडेलकाकू रस्त्यात भेटल्या,
डोक्यावर टोपली, गाल आत गेलेले.
विचारलं, "काकू, हलते का हो?"
"नाय रं. निंगते पन झकास."
"मग?"
"घालाचीच र्‍हाते."
आणि मोकळ्या हिरड्यांनी
इतक्या जोरात हसल्या
की टोपलीवरची मांजरीण उडाली.
बहुतेक टोपलीवर मांजर नव्हती,
पण काहीतरी उडालं.

मोजा आता मी दाराच्या कडीला अडकवून ठेवतो.