काटा

सर्व्हे आला तेव्हा मी डब्याचं झाकण
नुकतं उघडलं होतं.
गेल्या आठवड्यात आपण नऊने पुढे,
आज अडीच.
कोपरखैरण्याच्या आमच्या प्रचार कार्यालयात
(एरवी हा मोबाईल दुरुस्तीचा गाळा)
पाचही फोन एकदम उजळले
आणि पाचही चेहरे विझले.

केबलवरचा माणूस म्हणाला, काट्याची लढत.
पुन्हा म्हणाला.
मग खाली लाल पट्टीवर तेच सरकू लागलं,
जसं काही मला ऐकू गेलं नसावं.
जितू म्हणाला, ताईंना कळवायला हवं.
कोणी म्हणालं, पोस्टर बदलू.
कोणी म्हणालं, घणसोलीवाले आतून फुटलेत.
भेंडीची भाजी गार झाली.

हिंदुराव शेलार तेवढे खुर्चीतून हलले नाहीत.
बत्तीस वर्षं तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटात मापाडी.
गाव पाटणच्या वर, डोंगरात कुठेसं.
गुडघे दोन्ही गेलेले, म्हणून त्यांच्याकडे
मतदार चिठ्ठ्यांच्या घड्या घालायचं काम.

"काट्याचं मला नका सांगू," म्हणाले.
"गोणी टाकली की काटा आधी उडतो.
साठावर जातो, चाळिसावर येतो,
येडा होतो नुस्ता.
तवा आडत्या वरडतो, गिऱ्हाईक वरडतं,
जो तो आपल्या सोयीच्या आकड्यावर बोट ठिवतो.
मापाड्यानं हात मागं बांधायचं
आन् गप ऱ्हायाचं.
गोणीत हाय तेवढाच कांदा हाय.
काटा हलला म्हणून आत कांदा हलत न्हाई."

मी म्हणाले, काका, आता काटा नसतो,
लाल आकडे असतात.
"त्ये बी नाचत्यातच की."

मी म्हणाले, पण आपली गोणी अजून शिवलेली नाही.
सहा दिवस आहेत.
तोंड उघडं आहे तिचं, भर पडेल, गळेलही.

ते थांबले. घडी अर्धी राहिली हातात.
वाटलं, जिंकले मी.
"मग काट्याकडं काय बघत बसलीस?
दाभण घे."

यादी क्रमांक एकशे अठरा, पान सात.
सिडकोची इमारत, लिफ्ट नाही,
तिसऱ्या मजल्यावर शकुंतला बाबर, वय एकोणऐंशी.
चष्मा सापडेपर्यंत मी दारातच उभी.
आत कुकरची तिसरी शिट्टी, नातवाचे पाढे,
सतरा चोक अडुसष्ट.
"कोण येतंय गं निवडून?"
माहीत नाही, म्हणाले.
दिवसभरात मी उच्चारलेलं
हे पहिलं खरं वाक्य.
"शाळेला जिना आहे का? मागच्या वेळी जिन्यावरनं परत आले."
या वेळी खोली खालीच आहे, आजी. मी बघून आलेय.
"मग येईन."
नावापुढे खूण केली.
परत उतरताना पायऱ्या मोजल्या, अठ्ठेचाळीस.
अडीच टक्क्यांच्या हिशेबात
हा जिना कुणी कुठे धरला असेल?

नऊला परतले तर टीव्ही बंद होता,
जितू पोस्टरच्या गठ्ठ्यावर झोपलेला.
हिंदुराव तसेच खुर्चीत,
तळहातावर तंबाखू मळत.
फोन थरथरला. नवा आकडा असणार.
मी तो पाहिला नाही,
पालथा घातला यादीवर, पेपरवेट म्हणून.

"किती झालं?" त्यांनी विचारलं,
इतक्या सहज, की मी वर पाहिलं.
हात मागे बांधायला सांगणाऱ्या त्या माणसाच्या
पायजम्यावर चुना सांडला होता,
आणि एकाच चिठ्ठीला
त्यांनी इतक्या घड्या घातल्या होत्या
की ती आता लवंगेएवढी झाली होती.

एकवीस घरं, मी म्हणाले.
उद्या पान आठ.

त्यांनी मान हलवली,
ती लवंग हळूच उलगडली,
मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केली
आणि गठ्ठ्यात
सगळ्यांच्या खाली सरकवली.