बांगडीएवढं वळण

ग्राफ पेपर शिल्लक होता, भोसरीच्या टूलरूममधून
निरोपाच्या नारळाबरोबर घरी आलेला.
त्यावर घर काढलं, एकाला पन्नास.
सहकारनगर, तिसरा मजला,
दारं कुठं उघडतात त्या चापांसकट.
शैलजा म्हणाली, एक डबा लावायचा, त्याला एवढं?

एक नाही, दोन.
तार शिरते तिथं छोटा,
मग दिवे लुकलुकणारा मोठा,
आणि दोघांनाही प्लग लागतो.
प्लग ही या घराची खरी गरिबी.
बिल्डरनं शहाऐंशी साली खोलीला एकच दिला,
तोही नेमका पलंगामागं.

टीव्हीच्या वर? तिथं शोकेसचा आरसा.
फ्रिजवर? तिथं डाळींचे स्टीलचे डबे,
सिग्नलला आत कोंडायला टपलेले.
देव्हाऱ्याशेजारी म्हटलं तर
शैलजा बोलली नाही, नुसती बघत राहिली.
ते मी खोडलं.

उरला पॅसेजमधला जुन्या फोनचा कोनाडा.
फोन गेला, क्रोशाचा रुमाल राहिला.
त्याच्यावर भिंतीला पेन्सिलीचे आठ आकडे,
कार्यालयवाल्याचा नंबर, ऋजुताच्या लग्नाच्या वेळचा.
दोनदा रंग दिला घराला,
दोन्ही वेळा एवढा चौकोन सोडून.

तांबोळी आला, खांद्यावर शिडी.
सेक्रेटरींचं पत्र वाचलं,
डक्टला नवीन भोक पडणार नाही, या अटीवर परवानगी.
मग माझा नकाशा बघितला. हसला नाही.
बोट ठेवलं बीमवर.
"काका, हे काँक्रीट. याच्या पलीकडं रेंज लंगडत जाणार.
शेवटच्या खोलीत कोण असतं?"

शेवटच्या खोलीवर मी 'अडगळ' लिहिलं होतं.
शिलाई मशीन. बरण्या. मोडका टेबलफॅन.
आणि बंगळुरूहून कुरिअरनं आलेली तीन खोकी,
अजून न फोडलेली.
मागून ती स्वतः येतेय, रविवारी.
किती दिवसांसाठी
हे आम्ही तिला विचारलं नाही, एकमेकांनाही नाही.

"वापरणारे किती लिहू?"
मी 'दोन' म्हणायला तोंड उघडलं.
"तीन," स्वयंपाकघरातून आवाज आला.
"आणि तिचं सगळं कामच असतं त्याच्यावर. तिकडंच लाव."

मग तार निघाली. दोऱ्याइतकी बारीक, वर पांढरं कातडं.
"आत काच आहे," तो म्हणाला.
"काटकोनात दाबली की उजेड बाहेर सांडतो.
वरून मोडल्यासारखी दिसत नाही,
पण पलीकडं काही पोचत नाही.
बांगडीएवढं वळण ठेवायचं. त्याहून लहान नको."

चौतीस वर्षं मी पत्रा वाकवला.
नव्वद अंश म्हणजे नव्वद अंश,
अर्धा जास्त झाला तर माल परत.
फोनवर ऋजुताशी शेवटचं बोललो
तेही तसंच, कोपरा साधून.

कोनाड्याला ड्रिल लावताना तो थांबला.
"हा नंबर जाईल. चालेल?"
शैलजा पदराला हात पुसत आली,
"जाऊ दे," म्हणाली, आणि रुमाल उचलून घेतला.
लाल पूड पडली फरशीवर, चिमटीभर.

जादा तार गुंडाळताना तो अडखळला, तेव्हा
शैलजानं मनगटातली एक हिरवी काढून पुढं केली.
मापाला.
तिच्याभोवती चार फेरे झाले,
मग बांगडी परत हातात.

डबा खोक्यांच्या वर बसला.
तांबडा दिवा बराच वेळ विचार करत राहिला, मग हिरवा झाला.
तांबोळी चहा न घेता गेला, तळजईला अजून दोन घरं होती.

संध्याकाळी खोडरबर घेऊन बसलो.
'अडगळ' खोडलं तर ग्राफच्या रेघाही पुसट झाल्या.
त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.
प्लगची खूण तेवढी केली.
एक होती, दोन केल्या.