सहावं सत्र, हिंगणा एमआयडीसी

फॉर्मवर विचारलंय : या सत्रात आपण काय शिकलात?
जागा चार ओळींची.
खाली कंपनीचा शिक्का, विभागप्रमुखांची सही
आणि 'विद्यार्थिनीची वर्तणूक' याच्यासमोर एक चौकोन.

पहिला महिना मी बाटल्या धुतल्या.
अमरावती रोडच्या कॅम्पसात अडीच वर्षं पहिल्या बाकावरची,
डीएनए कुठून कापायचा ते तोंडपाठ असलेली मी
ब्रशनं काचेचा तळ खरवडत होते
आणि शेजारी शेवंताबाई उईके माझ्या तिप्पट वेगानं.
मधेच माझी एखादी बाटली उजेडाकडे धरायच्या,
"हे पाय. हे धुतलं म्हंतेस तू?"

नववी नापास. अठरा वर्षं याच खोलीत.
झाकण न उघडता सांगतात
कोणती बाटली परवा बिघडणार.
आमचा अ‍ॅस्परजिलस म्हणजे त्यांची 'काळी',
पेनिसिलियम 'हिरवी',
आणि जीवाणूंचा दुधी ओघळ दिसला
की नुसतं, "गेलं."

पहिलं विद्यावेतन आलं, आठ हजार.
घरच्या कूलरला नवी खस घातली.
बाबा दोनदा उठून वास घेऊन आले.

एप्रिलात हातात पातं दिलं.
संत्र्याच्या कोंबाचं टोक,
मिलिमीटरचा दहावा हिस्सा,
तेवढंच कापायचं.
सगळं झाड आजारी असलं तरी तिथवर रोग पोचलेला नसतो.
पुस्तकात हे एका वाक्यात होतं, परीक्षेत दोन गुणांना.
इथं तो कण पात्याला चिकटला
आणि माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू आला.
अंधारात वाढवलेलं जंबेरीचं रोप,
पांढरंफटक, उन्हाची खबर नसलेलं;
त्याला उलट्या टी-सारखी चीर द्यायची
आणि कण तिथे टेकवायचा.
टेकवायचा फक्त. दाबायचा नाही.

मे. बाहेर शेहेचाळीस.
लोकमान्य नगर स्टेशनपासून ओढणीत डोकं गुंडाळून,
पर्समध्ये आईनं कोंबलेला कांदा.
आत पंचवीस अंश, बाराही महिने.
दुपारी शेवंताबाई ट्रे घेऊन आल्या, थांबल्या.
"काहून वो, टोकच काहून? मधातलं काहून नाई?"
अठरा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं त्यांनी.
मी सांगत सुटले.
पेशी, नळ्या, विषाणू कुठून चढतो, कुठे थांबतो,
एका हातात चिमटा, समोर ज्योत,
मास्क हनुवटीखाली.

पाचव्या दिवशी एकशेचाळीस बाटल्या. दुधी ओघळ.
फक्त माझ्या, फक्त त्या दुपारच्या.
मी ऑटोक्लेव्हची नोंद तपासली, गाळणी तपासली,
वीज किती वाजता गेली होती तेही.
शेवंताबाई दारातून म्हणाल्या,
"तू बोलून रायली होती न."
आणि जराशानं,
"पन समजलं मले. टोकाचं."

सगळ्या बाटल्या वाफेवर उकडून
पुन्हा धुवायला आम्हीच दोघी.
पाणी कोमट होतं. मी रडले नाही,
म्हणजे थोडी रडले, ब्रशच्या आवाजात.
पुढच्या शंभरातले एकतीस जगले.
वाईट नाही, साहेब म्हणाले.
एकाला मी नाव ठेवलंय, ते सांगणार नाही.

चार ओळींत मी लिहिलं : निर्जंतुक तंत्र.
उरलेल्या तीन तशाच सोडल्या.
चौकोनात साहेबांनी भरलंय : शांत.

आईला दाखवलं. पदर तोंडाला लावून हसली,
"तू? आणि शांत?"
मी तावातावानं सांगायला लागले की अगं, तिथे ना,
तेवढ्यात तिनं चहासाठी गॅस पेटवला
आणि माझं तोंड
आपोआप मिटलं.