पांढरा वळ

बाबा क्वाडला आधी नुसतं पाणी दाखवतात.
घासायचं नाही. चिखलाला भिजू द्यायचं,
आपणहून सुटू द्यायचं,
नाहीतर वाळूचा कण न् कण
मडगार्डवर सही ठोकून जातो.
हे ते पुटपुटत सांगतात,
कुणी विचारलेलं नसताना.

मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण चमचाभर,
आईच्या फ्लॅनेलच्या पायजम्याचा एक पाय,
आणि सांदीकोपऱ्यांसाठी माझा टूथब्रश,
जो अजून माझाच आहे
असं मला सकाळपर्यंत वाटत होतं.

ओटॅगोतलं डिसेंबरचं ऊन उभं चिरतं.
पाच उन्हाळ्यांत हिचा लाल रंग
चघळून टाकलेल्या च्युइंगगमवर आला.
शेजारचा लॅक्लन म्हणतो, डिझेल चोळा, झकास दिसेल.
दिसेल, बाबा म्हणतात, दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी धूळ येऊन बसते
ती उठायचं नाव घेत नाही.

ते हजार नंबरचा कागद पाण्यात बुडवतात,
मग दोन हजारचा.
हात गोल नाही, सरळ.
माटागौरीच्या काट्यांचे ओरखडे,
कुंपणाच्या तारेचा एक,
कुत्रीच्या नखांचे मागच्या रॅकवर कितीतरी,
सगळे दुधाळ होतात, मग धूसर,
मग नसतातच.
शनिवारी गिऱ्हाईक येणार आहे.

राहता राहिला मागच्या डाव्या मडगार्डवरचा वळ.
प्लॅस्टिक जिथं दुमडलं तिथं पांढराफटक,
बोटभर रुंद, सीटपासून चाकापर्यंत.
मे महिन्यात, दहिवर गोठलेल्या उतारावर
क्वाड उलटली
आणि खाली स्ट्रुअन होता.

बाबा हीट गन लावतात.
वीतभर अंतर ठेवून, हात कुठंही न थांबवता,
जणू अंगावरच्याच शर्टाला इस्त्री करतायत.
आणि माझ्या डोळ्यांदेखत
वळ आत जातो.
प्लॅस्टिकला म्हणे आठवत असतं
साच्यातून निघतानाचं अंग,
ऊब मिळायचा अवकाश.
लाल परततो, आधी कडांनी,
मग मधोमध, एकदम,
खोटं पकडलं गेल्यावर चेहऱ्यावर यावा तसा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथं पीळ गेला,
सुंभ शाबूत.

शेडच्या दारात स्ट्रुअन उभा, काठी टेकून.
मांडीत एक पट्टी, सात स्क्रू.
म्हणतो, इकडंही मारा की जरा.
मी हसते. तोही.
बाबा गन बंद करत नाहीत,
गार झालेल्या जागेवरून
तिचा तो वारा फिरवत राहतात.

शेवटी उन्हापासून वाचवणारा फवारा,
सीट सोडून, पाय ठेवायची जागा सोडून,
तिथं घसरतं माणूस.
रात्री चादर. चादरीवर विटा.

शनिवारी रिव्हर्टनहून मेरेआना आली,
गमबूट, ट्रेलर, मागच्या सीटवर झोपलेलं पोर.
मडगार्डवरून तळवा फिरवला,
मेंढीची पाठ चाचपावी तसा.
नव्यासारखी ठेवलीय, म्हणाली.
उलटलीबिलटली नाही ना कधी?

बाबांनी फडक्याची घडी घातली.
घडीची घडी.
मग आणखी एक, जी काही केल्या बसेना.
आणि जिथं काहीच नव्हतं
नेमकं तिथं बोट ठेवलं.
इथं, म्हणाले. मे महिन्यात.
मुलगा होता खाली.

ती वाकली. तिरपं उजेडात पाहिलं.
काही दिसत नाही हो, म्हणाली.
नाही दिसणार, बाबा म्हणाले.

तिनं आठशे डॉलर उतरवले,
आणि वरून लावायचा लोखंडी बार
गोरमध्ये कुठं मिळेल ते विचारलं.
बाबांनी दुकानाचं नाव
तिच्या पावतीच्या मागं लिहून दिलं,
मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा.

ट्रेलर फाटकाबाहेर वळला तेव्हा
ते लाल असं काही चमकलं
की स्ट्रुअननं डोळ्यांवर हात धरला.
मागं वळून पाहिलं तर
बाबा नळाखाली माझा टूथब्रश धूत होते,
चोळूनचोळून,
परत द्यायचा असल्यासारखा.